फोटोग्राफरला खरंच किती लेन्स लागतात? घेण्याआधी हा हिशोब करून बघा

मी राहतो कोहमाऱ्यात. सडक अर्जुनी तालुक्यातलं हे गाव म्हणजे मुंबई-कोलकाता महामार्गावरचा एक चौक. इथून एक रस्ता गोंदियाला जातो, दुसरीकडे नवेगाव बांध, आणि जवळच नागझिरा. मोबाईल, कॅमेरे आणि त्यांची दुरुस्ती या विषयांवर मी लिहितो. त्यामुळे गावात कुणाला काही घ्यायचं असलं की पहिला फोन मला येतो.

गेल्या वर्षी असाच फोन माझ्या मावसभावाचा आला. त्याच्याकडे जुना सेकंड हँड डीएसएलआर आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स होती. आता लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या म्हणून त्याने चार लेन्सची यादी केली होती. सगळ्यात वाइड हवी, पोर्ट्रेटसाठी ८५ मिमी हवी, लांबच्यासाठी ७०-२०० हवी आणि अंगठीचे फोटो काढायला मॅक्रो हवी. बेरीज गेली होती लाखाच्या वर. पैसे कुठून येणार? तर धानाच्या चुकाऱ्यातून. मावसाजींनी होकारही देऊन टाकला होता.

"दादा, प्रोफेशनल व्हायचं तर एवढ्या लेन्स लागतातच ना?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "बाबू, आठ दिवस थांब. आधी हिशोब करू."

तो हिशोबच आज तुमच्यासमोर मांडतोय. तुमच्याकडे कॅमेरा नसेल, फक्त मोबाईल असेल, तरी हा लेख तुमच्या कामाचा आहे. कारण मोबाईल घेताना "मागे किती कॅमेरे आहेत?" हा प्रश्न आपण सगळेच विचारतो.

थोडक्यात उत्तर

घाईत असाल तर एवढं वाचा:

• मोबाईलवर फोटो काढणाऱ्याला एक चांगला मुख्य कॅमेरा पुरतो. दुसरा घ्यायचाच असेल तर खऱ्या झूमचा किंवा चांगला अल्ट्रावाइड. बाकीचे बहुतेक वेळा आकडा वाढवायला असतात.
• कॅमेरा नवीन घेणाऱ्याला सोबत मिळणारी किट लेन्स पहिले सहा महिने पुरते.
• लग्न, कार्यक्रम, नाटक असं काम करणाऱ्याला दोन लेन्स: एक साधी झूम आणि एक जास्त प्रकाश घेणारी.
• पक्षी आणि जंगल हाच विषय असेल तरच लांब पल्ल्याची तिसरी.

आता यामागचं कारण समजून घेऊया.

लेन्सवरचा मिमीचा आकडा काय सांगतो?

लेन्सवर १८, ५०, ३०० असे आकडे असतात. याला फोकल लेंग्थ म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर आकडा लहान असेल तर चित्रात जास्त जागा मावते, आणि आकडा मोठा असेल तर थोडीच जागा दिसते, पण ती मोठी दिसते.

एक उदाहरण घेऊ. आपल्याकडच्या साध्या खोलीत तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे आहात आणि समोरचा माणूस ३ मीटरवर आहे. बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांत जो एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो, त्यावर चित्राच्या रुंदीत किती जागा येईल बघा:

• १८ मिमी: सुमारे ३.९ मीटर. अख्खं कुटुंब मावेल.
• ३५ मिमी: सुमारे २ मीटर. नवरी आणि हळद लावणाऱ्या दोन बाया.
• ५० मिमी: सुमारे १.४ मीटर. जेमतेम दोघं.

म्हणजे घरातल्या हळदीला ८५ मिमीची लेन्स घेऊन गेलात, तर फोटो काढायला तुम्हाला खिडकीबाहेर उभं राहावं लागेल! लेन्स कितीही भारी असली तरी जागा नसेल तर ती बॅगेतच राहते.

अजून एक गोष्ट. तोच ५० मिमीचा आकडा वेगवेगळ्या सेन्सरवर वेगळा वागतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमी म्हणजे ५०च. पण एपीएस-सी सेन्सर लहान असल्यामुळे तिथे आकड्याला निकॉन, सोनीसाठी १.५ ने आणि कॅननसाठी १.६ ने गुणायचं. ५० मिमीची लेन्स तिथे ७५ किंवा ८० मिमीसारखी दिसते.

हे का सांगतोय? कारण "जगप्रसिद्ध फोटोग्राफर ५० मिमीच वापरायचे" असं तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातलं बहुतेक काम लायका कॅमेरा आणि ५० मिमीच्या एका लेन्सवर केलं. १९४८ साली गांधीजींच्या शेवटच्या दिवसांचे आणि अंत्ययात्रेचे फोटो काढणारे हेच. पण त्यांचा कॅमेरा ३५ मिमी फिल्मचा होता, म्हणजे आजचा फुल फ्रेम. एपीएस-सी कॅमेऱ्यावर तसंच दृश्य हवं असेल तर ५० नाही, ३५ मिमीची लेन्स घ्यावी लागेल. ही चूक खूप लोक करतात. मी पण केली, ते पुढे येईलच.

मोबाईलच्या मागे खऱ्या लेन्स किती?

आता मोबाईलकडे वळू. मागे चार गोल दिसले म्हणजे चार कामाचे कॅमेरे असं नसतं. साधारण असे प्रकार असतात:

मुख्य कॅमेरा: बहुतेक फोनमध्ये २४ ते २६ मिमीसारखा दिसणारा. सगळ्यात मोठा सेन्सर याचाच. तुमचे बहुतेक फोटो यातूनच निघतात.

अल्ट्रावाइड: साधारण १३ मिमीसारखा, सुमारे १२० अंशांचं दृश्य घेणारा. मंदिराचा सभामंडप, नवेगावचा तलाव, लहान खोली यासाठी छान. त्यात ऑटोफोकस असेल तर जवळचे मॅक्रो फोटोही यातूनच निघतात.

टेलिफोटो: २, ३ किंवा ५ पट खरा झूम. ५ पटवाल्यात बहुधा पेरिस्कोपची रचना असते. फोन जाड होऊ नये म्हणून आत प्रिझम बसवून प्रकाश काटकोनात वळवतात आणि लेन्स फोनमध्ये आडवी झोपवतात. २०१९ च्या हुआवे पी३० प्रो मध्ये अशी ५ पटीची लेन्स होती.

२ मेगापिक्सेलचे मॅक्रो आणि डेप्थ: स्वस्त फोनमध्ये हे दोन गोल बहुतेक वेळा मोजणीला असतात. मॅक्रोचे फोटो फिकट आणि मऊ येतात. डेप्थ कॅमेरा स्वतः फोटो काढतच नाही.

डेप्थ कॅमेरा नसेल तर मागचं धूसर कसं होणार, असं वाटेल. गुगलच्या २०१७ च्या पिक्सेल २ मध्ये मागे एकच कॅमेरा होता, तरी त्यात पोर्ट्रेट मोड उत्तम चालायचा. ते काम सॉफ्टवेअर करत होतं. उलट २०१९ च्या नोकिया ९ प्युअरव्ह्यूमध्ये मागे तब्बल पाच कॅमेरे होते, पण पाचही एकाच फोकल लेंग्थचे. झूमही नाही, अल्ट्रावाइडही नाही! म्हणून नुसते गोल मोजू नका, प्रत्येक गोल काय करतो ते विचारा.

दुकानात उभं राहून करायची चाचणी: कॅमेरा उघडा, ३ पट किंवा ५ पट झूम लावा आणि टेलिफोटोच्या गोलावर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली तर टेलिफोटो चालू आहे. चित्र तसंच दिसत राहिलं तर फोन मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करतोय. अंधारात बरेच फोन असं करतात, त्यामुळे ही चाचणी उजेडात करा.

कापून मोठं करण्याची किंमतही समजून घ्या. ४८ मेगापिक्सेलच्या फोटोत ४ पट डिजिटल झूम केला, तर क्षेत्रफळ १६ पट कमी होतं आणि हातात उरतात ३ मेगापिक्सेल. १० पट केला तर अर्धा मेगापिक्सेलही उरत नाही. २ पटीपर्यंत ठीक, त्यापुढे नुसतं समाधान.

दुसरा आकडा: एफ

मिमीइतकाच, किंबहुना आमच्या भागात त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे एफ. एफ/१.८, एफ/५.६ असं लिहिलेलं असतं. आकडा लहान तेवढं लेन्सचं तोंड मोठं, तेवढा प्रकाश जास्त.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत मंडई भरतात, आणि रात्रभर नाटकं चालतात. स्टेजवर लाल-निळे दिवे, बाकी काळोख. १८-५५ ची किट लेन्स ५५ मिमीवर एफ/५.६ देते. एफ/१.८ ची लेन्स त्याच जागी जवळजवळ दहापट प्रकाश घेते. म्हणजे किट लेन्सने जिथे सेकंदाचा १५वा भाग एवढा वेळ लागतो, तिथे एफ/१.८ ला १५०वा भाग पुरतो. १५व्या भागात नटाने नुसता हात हलवला तरी तो पुसट येतो. १५०व्या भागात घामाचे थेंबही दिसतात.

बऱ्याच लोकांना वाटतं आपला कॅमेरा खराब आहे. कॅमेरा ठीक असतो, प्रकाश कमी पडत असतो.

लांबची लेन्स: कुणाला हवीच?

महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यात. धानाच्या बांधीत पावसाळ्यात त्याचं घरटं असतं. आता समजा दीड मीटर उंचीचा सारस तुमच्यापासून ५० मीटरवर उभा आहे. चित्राच्या उंचीत तो किती दिसेल?

• मोबाईलचा मुख्य कॅमेरा: सुमारे ३ टक्के. पांढरट काडी.
• मोबाईलची ५ पट टेलिफोटो: सुमारे १४ टक्के. ओळखू येईल.
• कॅमेरा आणि ५५ मिमी: सुमारे ११ टक्के.
• कॅमेरा आणि ३०० मिमी: सुमारे ५८ टक्के. आता फोटो झाला.

दुसरा आणि तिसरा आकडा परत बघा. लांबच्या फोटोत चांगली टेलिफोटो असलेला मोबाईल किट लेन्सच्या कॅमेऱ्याला आकारात मागे टाकतो. पण ३०० मिमीला पर्याय नाही. आणि लेन्स नाही म्हणून बांधीत उतरून जवळ जाणं हा उपाय तर नाहीच. पक्षी घरटं सोडून उठतो, अंडी उघडी पडतात, शेतकऱ्याचं धान तुडवलं जातं ते वेगळंच. लेन्स लहान असेल तर पक्षी लहान दिसू द्या, आजूबाजूचं शेत दाखवा. तोही चांगला फोटो असतो.

नवेगाव-नागझिरा २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. इथे सफारीला येणाऱ्यांनीही लक्षात ठेवा, व्याघ्र प्रकल्पांत मोबाईलवर बंधनं असतात, तो बाहेर ठेवायला सांगतात. मोबाईलच्या झूमच्या भरवशावर येऊ नका. आधी नियम विचारा. दोन दिवसांच्या सहलीसाठी लांबची लेन्स विकत घेण्यापेक्षा मोठ्या शहरातून भाड्याने आणणं परवडतं.

२५ फोटोंची परीक्षा

आता मुख्य गोष्ट. कुठली लेन्स हवी हे यूट्यूबवाल्याला विचारू नका, स्वतःच्या फोटोंना विचारा. प्रत्येक फोटोत तो किती मिमीवर काढला याची नोंद असते. गुगल फोटोजमध्ये फोटो उघडून वर सरकवा, कॅमेरा, एफ, मिमी सगळं दिसतं.

१. तुमचे स्वतःचे सगळ्यात आवडते २५ फोटो निवडा.
२. प्रत्येकाचा मिमी आकडा वहीत लिहा.
३. नासलेले २५ फोटोही निवडा आणि ते का नासले ते लिहा: अंधार, हललेलं, लांब राहिलं, की मावलं नाही.
४. जे कारण सगळ्यात जास्त वेळा आलं, त्यावरची लेन्स घ्या. बाकी सोडा.

माझ्या भावाच्या वहीत काय निघालं? आवडत्या २५ पैकी ९ फोटो १८ ते २५ मिमीमधले, १२ फोटो ३० ते ५० मधले, ४ फोटो ५५ वरचे. नासलेल्या २५ मध्ये १७ अंधारामुळे हललेले, ५ ठिकाणी फोकस चुकलेला, ३ ठिकाणी माणूस लांब राहिलेला. "मावलं नाही" एकदाही नाही. म्हणजे वाइड लेन्स बाद. अंगठीचे फोटो वर्षात मोजून चार काढले होते. म्हणजे मॅक्रोही बाद. कमी होता तो प्रकाश.

मी लगेच म्हटलं, "५० मिमी एफ/१.८ घे, सगळ्यात स्वस्त." त्याने माझं ऐकलं नाही, आणि बरं केलं. त्याने किट लेन्सचा झूम चिकटपट्टीने एक दिवस ५० वर आणि दुसऱ्या दिवशी ३५ वर बांधून ठेवला आणि दोन्ही दिवस घरातच फोटो काढले. ५० वर त्याची पाठ सारखी भिंतीला लागत होती. ३५ वर काम झालं. मी वर सांगितलेलं गुणाकाराचं गणित मला माहीत होतं, पण त्याच्या घराची खोली मी मोजली नव्हती.

खर्च करण्याआधी ही चिकटपट्टीची चाचणी नक्की करा. फुकट आहे.

सेकंड हँड घेताना काय बघाल?

• लेन्समधून मोबाईलचा टॉर्च टाका. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. घेऊ नका.
• माउंट जुळतो का? कॅननची जुनी ईएफ-एस लेन्स नव्या आरएफ बॉडीवर ॲडॉप्टरशिवाय बसत नाही.
• निकॉन डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यावर ५० मिमी एफ/१.८ डी सारखी जुनी लेन्स बसते, पण ऑटोफोकस होत नाही.
• स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून दहा फोटो काढा, मगच पैसे द्या.

बुरशीचं मी अनुभवावरून सांगतोय. मीही एकेकाळी हौसेने ७०-३०० घेतली होती. वर्षात दोनदा वापरली, बाकी वेळ कपाटात. आमच्याकडच्या पावसाळ्यात कापडी बॅगेत पडून तिला बुरशी लागली. न वापरलेली लेन्स नुसती पैसे अडकवत नाही, ती खराबही होते. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, जेलचा रंग बदलला की गरम करून परत वापरा, आणि पंधरा दिवसांतून एकदा लेन्स बाहेर काढून चार फोटो काढा.

मग भावाने शेवटी काय घेतलं?

चारच्या जागी एक लेन्स: ३५ मिमी एफ/१.८. सोबत एक फ्लॅश, दोन मेमरी कार्ड आणि फोटो सांभाळायला एक हार्ड डिस्क. कार्ड खराब झालं तर लग्न परत लागत नाही, त्यामुळे दुसरं कार्ड कुठल्याही तिसऱ्या लेन्सच्या आधी. यादीच्या चौथ्या भागातही खर्च गेला नाही. उरलेला चुकारा मावसाजींच्या खात्यातच राहिला आणि पुढच्या हंगामाच्या खत-बियाण्याला लागला.

सगळं गोड झालं असंही नाही. शंकरपटाला गेला तेव्हा बैलजोडी लांबून सुसाट आली आणि याच्या हातात ३५ मिमी! एकही फोटो धड आला नाही. घरी येऊन माझ्यावर चिडला, "दादा, तू लांबची घेऊ दिली नाही." मी म्हटलं, वहीत लिही. अशा नोंदी पाच झाल्या तेव्हा त्याने लग्नाच्या कमाईतून सेकंड हँड लांबची झूम घेतली. तीही आता दर पटाला बाहेर निघते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एकच १८-२०० किंवा १८-३०० घेतली तर?
दिवसा फिरायला सोयीची आहे, लेन्स बदलायची कटकट नाही, धूळही आत कमी जाते. पण झूम केल्यावर तिचा एफ आकडा मोठाच असतो. रात्रीच्या कामाला उपयोग नाही.

मोबाईलला वरून चिमट्याने लावायच्या लेन्स घ्याव्या का?
मॅक्रोची मजा म्हणून ठीक. झूमवाल्यांत कडा पुसट येतात. त्या पैशात छोटा ट्रायपॉड घ्या, रात्रीचे फोटो लगेच सुधारतील.

लेन्सवर आधी खर्च करावा की बॉडीवर?
बॉडी चालू स्थितीत असेल तर लेन्सवर. बॉडी बदलली तरी माउंट तोच ठेवलात तर लेन्स पुढेही चालते.

मग नेमका आकडा किती?
तुमच्या वहीत जेवढी कारणं पुन्हा पुन्हा येतात, तेवढ्याच लेन्स. बहुतेकांचा आकडा एक किंवा दोनवर थांबतो.

तर मित्रांनो, आज रात्री जेवण झाल्यावर गॅलरी उघडा आणि पहिले २५ फोटो निवडा. वही नसेल तर मोबाईलच्या नोट्समध्ये लिहा. आकडे समोर आले की दुकानदाराशी बोलणं फार सोपं होतं, आणि घरच्यांकडे पैसे मागणंही.